चांगले जंतू, वाईट जंतू आणि ड्रॉवरमधली पट्टी

मंडळी, आज जरा चिडून लिहिते आहे. इथे येऊन वाचणाऱ्यांत निम्मे आमचे नातेवाईकच असतात आणि ज्यांच्याबद्दल लिहिते आहे तेही वाचणारच आहेत. रागावलात तर रागवा, पण शेवटपर्यंत वाचा. अडतीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई आहे मी, एवढा हक्क तर माझा आहेच.

झालं असं. गणपतीत पुण्याला भाच्याकडे गेले होते. आरती झाली, प्रसाद झाला, आणि भाचेसुनेने फ्रिज उघडून मला एक इवलीशी बाटली दिली. आत अशा बाटल्यांची रांगच लावलेली! "मावशी, ह्यात चांगले जंतू आहेत. रोज एक घ्यायची. पोट साफ राहतं, प्रतिकारशक्ती वाढते, मूडसुद्धा चांगला राहतो." प्यायले. गोड होती. मूड काही बदलला नाही, पण पोरीने प्रेमाने दिली होती, म्हणून "छान आहे हो" म्हटलं.

अर्ध्या तासाने थोरली नात क्लासहून आली. नाक वाहतंय, घसा खवखवतोय. ताप नाही. भाच्याने टीव्हीखालचा ड्रॉवर उघडला आणि त्यातून अर्धी संपलेली अँटिबायोटिकची पट्टी काढली. "घे गं एक, मागच्या वेळी ह्यानेच बरं वाटलं होतं."

मी उठून ती पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली. जरा जोरातच. घरात एकदम शांतता पसरली. सणासुदीचं घर, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. ते आता बोलते.

एकाच घरात, एकाच संध्याकाळी, फ्रिजमध्ये जंतू विकत आणून ठेवायचे आणि ड्रॉवरमध्ये जंतू मारायची गोळी. ह्यात आपण काहीतरी विसंगत करतो आहोत असं त्या घरात कुणालाच वाटलं नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यात दोन कप्पे पक्के झालेले आहेत. बाटलीतले ते चांगले जंतू, घशातले ते वाईट जंतू. बाटली चांगल्यांना आत पाठवते, गोळी वाईटांना बाहेर काढते. संपलं! माझं भांडण त्या बाटलीशी नाही आणि गोळीशीही नाही. माझं भांडण ह्या दोन कप्प्यांशी आहे.

आणि आधी कबूल करते, ह्या पापात माझाही वाटा आहे. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेली. विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकपुरता. पण आमच्या शाळेत विज्ञानाचे सर रजेवर गेले की पाचवी-सहावीचे तास माझ्या गळ्यात पडायचे. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे, "जंतू म्हणजे रोग." पोरं वहीत उतरवून घ्यायची. पुढे कधीतरी दह्याचा धडा आला की त्याखाली आणखी एक ओळ, "काही जंतू उपयुक्त असतात." झाले दोन कप्पे तयार! किती वर्षं, किती वह्यांत ती दोन वाक्यं गेली असतील, देव जाणे. त्यातलीच मुलं आता चाळिशी-पन्नाशीची झाली आहेत आणि ड्रॉवर उघडताहेत.

आता एका जंतूची गोष्ट सांगते. तुम्ही त्याचं नाव नक्की ऐकलं असेल. ई. कोलाय. पाण्याचा रिपोर्ट आला की त्यात असतो आणि तो दिसला की आपण नाक मुरडतो. थेओडोर एशरिश नावाच्या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या बाळांच्या शी-मध्ये तो शोधून काढला आणि १८८५ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. निरोगी बाळांच्या, बरं का! जन्मानंतर थोड्याच दिवसांत तो आपल्या आतड्यात बिऱ्हाड करतो आणि आयुष्यभर राहतो. आतड्यातला उरलासुरला ऑक्सिजन तो वापरून टाकतो, म्हणून ऑक्सिजन न सोसणाऱ्या इतर जंतूंना तिथे राहता येतं. रक्त गोठायला लागणारं के जीवनसत्त्वही तो तयार करतो. म्हणजे चांगला, नाही का?

हाच जंतू आतड्यातून जरा सरकून मूत्रमार्गात गेला की लघवीची जळजळ, थंडी, ताप. बायकांना होणाऱ्या ह्या त्रासाचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे हाच ई. कोलाय. बाहेरून कुणी शत्रू आलेला नसतो. घरचाच असतो, फक्त खोली चुकलेला.

पहिल्या महायुद्धात सैनिकांत जुलाबाची साथ असताना एका सैनिकाला काहीच झालं नाही. आल्फ्रेड निस्ले ह्या जर्मन डॉक्टरला ह्याचं नवल वाटलं. त्याने १९१७ साली त्या सैनिकाच्या पोटातून ई. कोलायचा एक वाण वेगळा काढला. तो वाण औषध म्हणून आजही वापरतात. आता ह्याच्या शेजारी २०११ सालचं जर्मनी ठेवा. मे महिन्यात लोक रक्ताच्या जुलाबांनी आजारी पडू लागले, कित्येकांची मूत्रपिंडं बंद पडली. आधी संशय आला स्पेनच्या काकड्यांवर. बिचाऱ्या शेतकऱ्यांचा माल सडला. शेवटी धागा जाऊन पोचला मेथीला मोड आणणाऱ्या उत्तर जर्मनीतल्या एका शेतावर आणि तिथून इजिप्तहून आणलेल्या मेथीदाण्यांवर. ३८०० हून जास्त लोक आजारी पडले, पन्नासहून जास्त दगावले. आणि हे करणारा जंतू कोण? ई. कोलायच! त्याच्या एका वाणाने जंतूंना लागण करणाऱ्या एका विषाणूकडून विष बनवायची कृती उसनी घेतलेली होती.

मग सांगा, ई. कोलायला मी कुठल्या कप्प्यात टाकू? कुठला वाण, शरीरात कुठे, आणि कुणाच्या शरीरात, ह्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय 'चांगला' आणि 'वाईट' ह्या शब्दांना काही अर्थच उरत नाही.

हे दोन कप्पे करायची खोड जुनी आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एली मेचनिकॉफ नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं होतं. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या आतड्यातले जंतू अन्न कुजवतात, त्या विषाने माणूस लवकर म्हातारा होतो, आणि त्यावर उपाय म्हणजे आंबवलेलं दूध. ते स्वतः रोज प्यायचे. इथवर ठीक. पण त्याच काळात लंडनमध्ये सर आर्बथनॉट लेन नावाच्या नामांकित सर्जनने ह्या 'आतल्या विषा'च्या विचारापायी बद्धकोष्ठाच्या रोग्यांची चक्क मोठी आतडीच कापून काढायला सुरुवात केली! जंतू वाईट, म्हणून त्यांचं घरच नको. पुढे तो विचार मागे पडला, पण ज्यांची आतडी गेली त्यांची गेलीच. तेव्हा पोटातले सगळे जंतू राक्षस होते, आज जाहिरातीत ते देव झाले आहेत. आपण तेव्हाही घाई केली आणि आताही करतो आहोत.

आता घरची गोष्ट. हिच्यासाठीच एवढं सगळं लिहिलं.

२०१८ च्या डिसेंबरात ह्यांना सर्दी-खोकला झाला. ह्यांचं वय तेव्हा बाहत्तर. साताऱ्याची थंडी. मीच मेडिकलमध्ये गेले, वर्षापूर्वीची चिठ्ठी दाखवली आणि गोळ्या घेऊन आले. कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मीच रागावले असते. चार दिवसांनी खोकला राहिलाच होता, तेव्हा ओळखीने दुसऱ्या, 'जरा स्ट्राँग' गोळ्या आणल्या. सर्दी विषाणूंमुळे होते आणि ह्या गोळ्या विषाणूंना काही करत नाहीत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण "काहीतरी तर द्यायला हवं ना!" हे वाक्य तुमच्याही घरात ऐकू येत असेल.

साधारण दहा दिवसांनी जुलाब सुरू झाले. दिवसाला बारा-पंधरा वेळा. मी जुलाब थांबवायची गोळी दिली. बरोबर 'चांगल्या जंतूं'च्या कॅप्सूलही दिल्या, कुणीतरी सुचवल्या होत्या. ताप आला, पोट फुगलं, माणूस उठेना. तेव्हा पुण्याला हलवलं.

तपासणीत जंतू सापडला, क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल. डॉक्टर लोक नुसतं 'सी डिफ' म्हणतात. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. मी विचारलं, "हा घाण जंतू आला कुठून? पाण्यातून का?" त्या म्हणाल्या, "आजी, दवाखान्यातून, कुठूनही येऊ शकतो. कदाचित आजोबांच्या पोटात आधीपासून असेलही. गुपचूप राहत असेल."

नंतर मी वाचलं. हा जंतू १९३५ साली पहिल्यांदा सापडला तोही निरोगी नवजात बाळांच्या शी-मध्येच. वाढवायला अवघड, म्हणून नाव 'डिफिसिल'. तान्ही बाळं त्याला पोटात घेऊन मजेत असतात. पुढे १९७८ साली कळलं, की अँटिबायोटिक घेतल्यानंतर आतड्याला येणाऱ्या भयंकर सुजेमागे तोच असतो. असं का, ते मला वर्गाच्या भाषेत समजलं. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक दांडगट मुलगा असतो. बाकीची एकोणसाठ आहेत तोवर त्याला ना जागा मिळते, ना खाऊ. एक दिवस सुक्याबरोबर ओलंही जळतं तसं गोळ्यांनी बाकीच्यांना घालवलं. हा उरला, कारण कठीण काळात तो टणक बीजाणू होऊन बसतो. मग रिकामा वर्ग त्याचाच. मग तो विष ओतायला लागतो. आणि मी दिलेल्या जुलाब थांबवायच्या गोळीने काय होतं? ते विष आतच कोंडून राहण्याची भीती. बाई फार बोलल्या नाहीत, पण चेहऱ्यावर दिसलं.

ह्यांना बरं केलं ते कशाने, माहीत आहे? आणखी एका अँटिबायोटिकने! पोटातून घ्यायचं, ह्या जंतूला लागू पडणारं. म्हणून म्हणते, मी गोळ्यांची वैरीण नाही. माझा थोरला भाऊ लहानपणी न्यूमोनियातून वाचला तो पेनिसिलिनवर. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, त्याचं आमच्या वडिलांना केवढं कौतुक होतं. योग्य औषध, योग्य रोगाला, डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस, ह्यासारखं वरदान नाही. पण वरदान ड्रॉवरमध्ये कोंबून ठेवायचं नसतं.

साधारण पाचांतल्या एकाला हा आजार उलटतो. ह्यांनाही उलटला. दोन महिने गेले, अकरा किलो वजन गेलं. दवाखान्यात मला शिकवलं, की सॅनिटायझरने ह्याचे बीजाणू मरत नाहीत, साबण आणि पाण्यानेच हात धुवा. रात्री दोन वाजता मी हात धूत उभी असायचे आणि मनात एकच विचार, ह्या गोळ्या मी आणल्या होत्या. चिठ्ठी डॉक्टरांची नव्हती, मेडिकलवाल्याची नव्हती, ती माझ्या हातात होती.

इथे भाचा म्हणणार, "मावशी, म्हणून तर आम्ही बाटली घेतो! गोळीने गेलेले चांगले जंतू बाटलीने परत आणायचे." ऐकायला किती सोपं. पण इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये हेच तपासून पाहिलं आणि २०१८ साली निष्कर्ष छापले. अँटिबायोटिकनंतर ज्यांना प्रोबायोटिक दिलं, त्यांच्या पोटातली मूळची वस्ती परत यायला उलट जास्त उशीर लागला. काहीच न घेणाऱ्यांची लवकर सावरली. म्हणजे रिकाम्या वर्गात बाहेरची दहा मुलं आणून बसवली आणि आपल्या मुलांना दाराबाहेर उभं केलं.

नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाची तीव्र सूज आलेल्या रुग्णांना प्रोबायोटिक देऊन पाहिलं, २००८ साली निकाल आला. ज्यांना जंतू दिले त्यांच्यातले १६ टक्के दगावले, ज्यांना नुसतं दिखाऊ औषध दिलं त्यांच्यातले ६ टक्के. तेच ओडिशात साडेचार हजारांवर नवजात बाळांवर झालेला अभ्यास २०१७ साली आला. पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळांना एक विशिष्ट वाण, त्याच्या खाद्यासह, आठवडाभर दिला, आणि रक्तात जंतुसंसर्ग होणं किंवा मृत्यू ह्यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. बघा! एकीकडे जीव वाचले, दुसरीकडे गेले. दोन्हीकडे बाटलीवर 'चांगले जंतू' असंच लिहिता आलं असतं.

आणखी एकच उदाहरण, मग थांबते. वारंवार उलटणाऱ्या सी डिफवर निरोगी माणसाचं मल पाण्यात मिसळून, गाळून, नळीने आत सोडायचा उपचार आहे. (नाक दाबू नका, माणसं वाचतात ह्याने!) २०१३ साली डच डॉक्टरांनी छापलेल्या चाचणीत असे १६ रुग्ण होते, त्यांतले १३ पहिल्याच वेळी बरे झाले. नुसत्या औषधावरच्या १३ जणांत ४. फरक इतका, की चाचणी मध्येच थांबवावी लागली. मग २०१९ साली अमेरिकेतून बातमी आली. एकाच दात्याचं मल प्रतिकारशक्ती कमी असलेल्या दोन रुग्णांना दिलं होतं. दोघांनाही औषधांना न जुमानणाऱ्या ई. कोलायचा संसर्ग झाला, एक दगावला. आणि दाता? तो ठणठणीत! त्याच्या पोटात तो जंतू सुखाने नांदत होता. एकच जंतू, एकाच्या पोटात पाहुणा आणि दुसऱ्याच्या पोटात काळ.

आता दुसरी बाजू. ह्यावर काही जण लगेच "आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, घरचं दही खा" म्हणून मोकळे होतील. दही मी रोज लावते, रोज खाते, तुम्हीही खा. पण माझ्या विरजणात कुठले वाण किती आहेत हे कुणी मोजलेलं नाही, आणि ह्यांना ते दही आयुष्यभर वाढलं होतं, तरी व्हायचं ते झालंच. दही हे जेवण आहे. त्याला औषध म्हणायचं तर औषधाला विचारतो तेच प्रश्न दह्यालाही विचारा.

तेव्हा माझ्या मागण्या. घरातला तो ड्रॉवर आजच रिकामा करा. गोळ्यांच्या पट्टीवर मागे उभी लाल रेघ दिसली, तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते. २०१६ पासून सरकार ह्या रेघेबद्दल सांगतं आहे. २०१४ पासून तर बऱ्याच अँटिबायोटिक्सच्या विक्रीची वेगळी वही दुकानदाराने ठेवायची आहे. वही तो ठेवतो की नाही, ते नंतर बघू. आधी आपण चिठ्ठीशिवाय मागणं बंद करू. सर्दीसाठी डॉक्टरांकडे गेलात आणि त्यांनी गोळी दिली नाही, तर "ह्यांना काही कळत नाही" म्हणत दुसऱ्याकडे जाऊ नका. ज्यांनी दिली नाही त्यांचे आभार माना. बाटली घ्यायचीच असेल तर विचारा, कुठला वाण, कुठल्या त्रासासाठी, माझ्यासारख्या माणसावर तपासलेला आहे का? उत्तर मिळालं नाही तर ते पैसे फळांवर, डाळींवर, पालेभाज्यांवर खर्च करा. आपल्या पोटातल्या वस्तीला खायला तेच लागतं.

ही वस्ती केवढी आहे ठाऊक आहे? २०१६ सालच्या हिशेबाप्रमाणे सुमारे ३८ लाख कोटी जंतू, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींहून थोडे जास्तच. सगळे मिळून वजन जेमतेम पाव किलो. एवढ्या मोठ्या वर्गाला दोन बाकांवर बसवायचा अट्टाहास मी अडतीस वर्षं केला. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी वाचत असेल, तर वहीतली ती ओळ खोडा बरं. "जंतू म्हणजे रोग" नव्हे. "जंतू म्हणजे शेजारी." शेजाऱ्याशी कसं वागायचं ते प्रसंग बघून ठरतं.

हे आता बरे आहेत. वजन पूर्ण आलं नाही, पूर्वीसारखं अजिंक्यताऱ्यावर चढवत नाही, पण संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत चालून येतात. मागच्या आठवड्यात शिंकायला लागले. मी पाणी उकळत ठेवलं, वाफ दिली, गरम वरण-भात दिला आणि वाट पाहिली. पाचव्या दिवशी सर्दी गेली. हे म्हणाले, "काहीतरी तर द्यायला हवं होतंस ना!" मी म्हटलं, "दिली ना. सवड दिली."

भाचेबुवा, ती पट्टी अजून माझ्या पर्समध्ये आहे. परत मिळणार नाही.